ब्रेकर लावला की मशीन उलाळतंय, काय करू?

पन्हाळा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय २९. शेतातल्या पाइपलाइनी टाकायची कामं घेतात. आजवर जेसीबी भाड्यानं आणायचे. आता स्वतःचं मिनी पोकलेन घ्यायचंय, १७०० किलोचं, वापरलेलं. ते ट्रेलरवर चढवून घरच्या ४५ एचपी ट्रॅक्टरमागं गावोगाव न्यायचा बेत आहे. विकणारा १८० किलोचा ब्रेकर (हाताच्या टोकाला लावायचा दगड फोडायचा हातोडा) आणि क्विक कपलर (अवजार झटपट बदलायचा जोड) सोबत फुकट द्यायला तयार आहे. पण मशीन दाखवताना ब्रेकर बाजूला फिरवला आणि पलीकडचा ट्रॅक जमिनीवरून सुटला. वडील म्हणाले, "मागं वाळूची दोन पोती बांध, गप बसतंय." पत्रात मुख्य प्रश्न तीन आहेत. हे मशीन घ्यावं का? मागं वजन वाढवून भागेल का? आणि जूनमध्ये नदीकाठच्या मोटारी वर काढायची कामं यातून होतील का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र वाचलं आणि तो सुटलेला ट्रॅक डोळ्यांपुढून हलेना. वर्कशॉपमध्ये माझी ३० वर्षं गेली, आणि कलंडलेलं मशीन उभं करायला मी चार वेळा गेलोय. चारही वेळा टोकाला जड अवजार होतं आणि हात आडवा पसरलेला होता. एकदा ऑपरेटरनं उडी मारायचा प्रयत्न केला होता. त्याचा पाय वाचला नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या वडिलांनी बैलगाडी हाकली असणार. त्यांना विचारा, उसाची गाडी भरताना मोळ्या कुठं आणि किती रचायच्या हे कशावरून ठरतं? मागं जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त भरली की सगळा भार मानेवर येतो. गाडीचं वजन तेवढंच असतं, पण आखापासून ते किती लांब आहे यावर सगळं ठरतं. मशीनचंही असंच आहे. इथं आखाच्या जागी ट्रॅक आहे. मशीन ज्या कडेवर कलंडणार, तिच्या अलीकडचं वजन त्याला धरून ठेवतं आणि पलीकडचं त्याला पाडतं.

आकड्यांत बघू. हिशोब ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेसा आहे. १.७ टन वर्गातल्या बऱ्याच मशीनचे ट्रॅक आत घेतले की रुंदी ९९० मिलिमीटर आणि बाहेर काढले की १२४० मिलिमीटर होते. ट्रॅकची पट्टी २३० मिलिमीटरची धरली, तर मधल्या रेषेपासून कलंडायची कड बाहेर काढलेल्या ट्रॅकला अर्धा मीटर आणि आत घेतलेल्या ट्रॅकला जेमतेम ३८ सेंटिमीटर लांब राहते. १७०० किलो गुणिले अर्धा मीटर म्हणजे ८५० चा जोर मशीनला धरून ठेवतो. हात बाजूला पूर्ण पसरला की बूम आणि आर्मचं, म्हणजे हाताच्या दोन भागांचं, स्वतःचं वजनही बाहेर जातं. त्यात दोनशेच्या आसपास खर्च होतात. उरले ६५०.

आता तुमचा ब्रेकर. १८० किलो, त्यावर कपलरचे ३० धरा, झाले २१०. हात मधल्या रेषेपासून साडेतीन मीटर पसरला, म्हणजे कडेपासून तीन मीटर. २१० गुणिले ३ म्हणजे ६३०. सहाशे पन्नासला सहाशे तीस! सपाट, कोरड्या जमिनीवर, ट्रॅक बाहेर काढलेले असताना मशीन कसंबसं तोलून राहतंय. ट्रॅक आत असतील तर धरून ठेवणारा जोर साडेचारशेच्या खाली येतो आणि पाडणारा साडेसहाशेवर जातो. विकणाऱ्यानं ट्रॅक आत ठेवूनच मशीन दाखवलं असावं. ट्रेलरवरून उतरवल्यावर ते बाहेर काढायचा कंटाळा सगळेच करतात. आणि तुमच्या भागात सपाट जमीन आहे कुठं? १० अंशांच्या आडव्या उतारावर मशीनचा गुरुत्वमध्य खालच्या कडेकडे साधारण १० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे १७० चा जोर आणखी गेला.

याच मशीनला बकेट लावून बघा. बकेट ४० किलोची, त्यात ०.०४ घनमीटर ओली काळी माती म्हणजे साधारण ७२ किलो. एकूण ११२. तुमचा ब्रेकर कपलरसकट भरलेल्या बकेटच्या जवळजवळ दुप्पट आहे. बकेटमधली माती धोका वाटला की ओतून देता येते, ब्रेकर ओतता येत नाही. तो दिवसभर टोकाला लटकलेलाच असतो.

म्हणून माझं पहिलं उत्तर असं की मशीन वाईट नाही, पण तो फुकटचा ब्रेकर या मशीनचा नाही. तो त्याच्याकडंच राहू दे आणि किंमत कमी करून मागा. ब्रेकरवर किती टनाच्या मशीनसाठी आहे ते लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनचं वजन त्या मर्यादेच्या अगदी तळाशी किंवा बाहेर असेल तर तो घेऊ नका. १०० किलोच्या आसपासचा घ्या आणि तो कपलरशिवाय सरळ पिनांवर लावा. कपलर सोयीचा असतो, हे मला मान्य आहे. पण तो ३० किलो वाढवतो आणि अवजार १०-१५ सेंटिमीटर पुढंही ढकलतो, म्हणजे तोटा दोन्ही बाजूंनी. बकेटी बदलताना वापरा, ब्रेकरच्या दिवशी काढून ठेवा.

मशीनच्या पुस्तिकेत लिफ्टिंग कॅपॅसिटीचा तक्ता असतो. वापरलेलं मशीन घेताना पुस्तिका मागायची कुणाला सुचत नाही. तुम्ही मागा. किती लांबीवर, किती उंचीवर, समोर की बाजूला, ब्लेड (ट्रॅकपुढची माती लोटायची पाती) खाली की वर, याप्रमाणे किलो दिलेले असतात. हे आकडे मशीन कलंडतं त्या वजनाच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिकच्या ताकदीच्या ८७ टक्के, यातला कमी तो, असे धरलेले असतात. तक्त्यात बकेटचं वजन धरलंय की वगळलंय ते तळटीपेत वाचा. आपल्या ढोबळ हिशोबात ६५० चे ७५ टक्के साधारण ४८७ होतात. तीन मीटरवर ते १६० किलोच्या आसपास बसतात. १०० किलोचा ब्रेकर त्यात मावतो, २१० चा बोजा मावत नाही.

आता वडिलांची वाळूची पोती. त्यांचं निदान बरोबर आहे, उपायाबद्दल मात्र मला बोलायचंय. समजा १०० किलो वाळू मशीनच्या शेपटीला, मध्यापासून एक मीटर मागं बांधली. कडेपासून ती दीड मीटर झाली, म्हणजे १५० चा जोर मिळाला. हेच दीडशे तुम्हाला तो जड ब्रेकर ७० सेंटिमीटर जवळ घेतला तरी मिळतात, तेही खर्चाशिवाय. पोती बांधली की इंजिनची गरम हवा कोंडते. उतारावर ती घसरली तर ऐन वेळी तोल उलटा जातो. चढावर तोंड करून हात जवळ घेतला तर मशीन मागं उलटायची भीती. शिवाय ते वजन फिरणाऱ्या बेअरिंगवर, फिरवणाऱ्या मोटरवर आणि शेवटी ट्रेलरवर दिवसभर पडतं. कंपनीनं त्याच मॉडेलसाठी जादा काउंटरवेट (शेपटीचं तोल धरणारं वजन) दिलं असेल तर ते बोल्टनं बसवा. गॅरेजात लोखंडाची लादी कापून वेल्डिंग मारू नका. वरची चौकट मशीन कलंडल्यावर ऑपरेटरला चिरडू नये म्हणून असते, आणि ती ठरावीक वजनाच्या मशीनसाठी तपासलेली असते.

चौकट असली तरी तिचा उपयोग सीटचा पट्टा लावला तरच. मशीन कलंडायला लागलं की माणूस आपसूक बाहेर झेपावतो आणि चौकटीखालीच सापडतो. पट्टा लावायचा आणि आत बसून राहायचं. वर ज्या ऑपरेटरचं लिहिलं, त्याच्या मशीनला चौकट होती आणि पट्टा सीटमागं गुंडाळून ठेवलेला होता.

मशीन निवडताना आणखी एक बघा. मागची बाजू ट्रॅकच्या बाहेर न जाणारी, ज्याला 'झिरो टेल' म्हणतात, ती मशीनं गल्लीबोळात भिंतीलगत फार सोयीची. पण त्यांचं काउंटरवेट मध्याच्या जवळ असतं, म्हणून तेवढ्याच वजनात उचलायची ताकद सहसा कमी मिळते. तुमचं काम शेतात आहे, मागं जागा भरपूर आहे. थोडी शेपूट बाहेर येणारं साधं मशीनच घ्या. ट्रॅक बाहेर काढता येणारे हवेत, ब्लेड लांब आणि शाबूत हवं. ब्रेकर चालवताना तोंड ब्लेडच्या बाजूला, ब्लेड घट्ट जमिनीवर टेकवलेलं. कलंडायची कड तेवढी पुढं सरकते. बाजूला हात पसरून फोडायची सवय लावूच नका. ट्रॅक वळवा आणि समोर घ्या. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

तीन टनी मशीनचा मोह तुम्हाला होणार, कारण तुमच्याकडं माथ्यावर जांभा आहे आणि खाली काळा पाषाण. जांभा नुकता उघडा पडलेला असला तर मऊ असतो, १०० किलोचा ब्रेकर त्याला पुरतो. काळ्या पाषाणाला मात्र तो दिवसभर टोचत बसेल. पण वर्षातून पाषाण लागण्याचे दिवस किती? त्या दिवसांपुरतं मोठं मशीन भाड्यानं आणा. तीन टनी मशीन ट्रेलरसकट चार टनांच्या घरात जातं, आणि तुमच्या ४५ एचपी ट्रॅक्टरमागं ते पन्हाळ्याच्या उतारावर यावं असं मला वाटत नाही. नेटवर दिसणारी दोन चाकांची, मागं जोडून ओढायची, आडव्या पायांवर उभी राहणारी स्वस्त खोदयंत्रंही तुम्ही विचारलीत. ती चहूबाजूंनी फिरत नाहीत, जागा बदलायला हातानंच स्वतःला ओढतात, आणि पावसाळी काळ्या रानात रुततात. पाइपलाइनीच्या कामाला ती नकोत.

आता ओढण्याबद्दल. तुम्ही खोदण्याची काळजी जास्त केलीय आणि रस्त्याची कमी.

मशीन १७००, ब्रेकर १००, दोन बकेटी ९०, चेन-डबे-डिझेल ६०, ट्रेलर ५५०. अडीच टन झाले. दोन चाकी ट्रेलर असेल तर यातलं १० ते १५ टक्के, म्हणजे २५० ते ३७५ किलो, दांडीवर आलं पाहिजे. इथं पुन्हा बैलगाडीच आली. दांडीवर दाब नसेल तर ट्रेलर उलाळ होतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. दाब फार झाला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. हे अंदाजानं ठरवू नका. आपल्याकडं उसामुळं वजनकाटे जागोजागी आहेत. एकदा ट्रेलर मशीनसकट सोडवून पूर्ण काट्यावर घ्या. मग ट्रॅक्टरला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर उभी करा, ट्रॅक्टर काट्याबाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. मशीन पुढं-मागं सरकवून तो बसवा, आणि बसला की ट्रेलरच्या फळीवर ट्रॅक कुठवर आणायचा तिथं रंगाची रेघ मारा. पुढच्या वेळी अंधारात चढवलं तरी चुकणार नाही.

चढवताना ट्रेलरच्या शेपटीखाली टेकू लावायला विसरू नका. मशीन रॅम्पवर असतं तेव्हा सगळं वजन आखाच्या मागं असतं. टेकू नसेल तर ट्रेलर उलाळून ट्रॅक्टरची मागची चाकं उचलतो, आणि ब्रेक तर त्याच चाकांना आहेत. फळी ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प अडीच मीटरचा करून घ्या, म्हणजे चढ १५ अंशांच्या आत राहील. रॅम्पवर वळायचं नाही, हात फिरवायचा नाही, अवजार जमिनीपासून वीतभर वर. वर आल्यावर ब्लेड आणि ब्रेकर फळीवर टेकवा, वरचा भाग फिरू नये म्हणून लॉक असेल तर लावा, आणि चारी कोपऱ्यांना चेन ताणा. नायलॉनच्या दोरीवर भरवसा ठेवू नका.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. यात पैसे वाचवू नका, हात जोडून सांगतो. ट्रॅक्टर बिनब्रेकच्या अडीच टनांना उतारावर थांबवू शकत नाही. ट्रेलर त्याला मागून ढकलतो आणि वळणावर दोघं घडी होतात. रस्त्यावर निघण्याआधी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल खिट्टीनं एकत्र जोडा. शेतात वळायला ते सुटे ठेवलेले असतात आणि तसेच राहतात. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नाही. हूक खालच्या ड्रॉबारलाच, वर कुठं नाही. पिकअपमागं ओढायचा विचार सोडून द्या, तिच्या कागदावर ओढायच्या वजनाचा आकडा नसेल तर विषय तिथंच संपला. आणि शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या कामाला लावणार असाल तर ट्रेलरची नोंदणी, कर आणि विमा कोल्हापूरच्या आरटीओत आधी विचारून घ्या. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

वापरलेलं मशीन बघायला परत जाल तेव्हा बकेट जमिनीवर टेकवून मशीन थोडं उचलायला लावा आणि खाली फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते बघा. आर्मवर, विशेषतः पिनांच्या आसपास, नव्या रंगाखाली वेल्डिंगची जुनी रेघ दिसते का ते बोट फिरवून तपासा. जड ब्रेकरवर राबलेल्या मशीनचा हात तिथंच तडकतो, आणि हा विकणारा १८० किलोचा ब्रेकर वापरत होता. सिलिंडरच्या दांड्यावर ओरखडे, पिन-बुशांची ढिलाई हे तर बघालच. ब्रेकरची लाइन असेल तर परतीचं तेल सरळ टाकीत जातं का विचारा. पुढं खड्डे पाडायचा ऑगर घ्यायचा असेल तर दोन्ही दिशांनी तेल देणारी लाइन लागते. ऑगरचा बिट मुळात किंवा दगडात अडकला तर उचलून उपटू नका. अडकलेल्या बिटाचं वजन म्हणजे अख्खी जमीन, ती मशीनच खाली ओढते. उलटा फिरवून सोडवा.

आता मोटारी. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यावर नदीकाठचा शेतकरी मोटार वेळेत वर घ्यायला धडपडतो, हे मी जाणतो. त्या दिवसांत कामाला तोटा नसतो आणि पैसेही रोख मिळतात. पण काठाचा उतार बघा, ओली मळी बघा, आणि मोटार कुठं असते ते बघा. काठाच्या खाली, हात पूर्ण पसरल्यावर जेमतेम पोचेल अशी. वरच्या हिशोबातली प्रत्येक वाईट गोष्ट तिथं एकाच वेळी हजर असते. शिवाय चिखलात रुतलेली मोटार सुटेपर्यंत तिचं वजन कितीतरी जास्त लागतं आणि सुटली की एकदम झटका बसतो. काठ स्वतः खचला तर मशीन नदीतच. तुमचं मशीन तिथं वापरायचंच असेल तर काठापासून चांगलं मागं, घट्ट जमिनीवर, वर काढलेली मोटार ट्रॉलीत ठेवण्यापुरतं वापरा, तेही वजन तक्त्यात बघून. खालून वर मात्र तीन पायांच्या घोडीनं आणि चेन पुलीनंच काढा. चार माणसं आणि अर्धा तास जास्त लागेल, तेवढे पैसे शेतकऱ्याला आधीच सांगा.

पुढच्या वेळी विकणाऱ्याकडं जाताना वडिलांना सोबत न्या. ट्रॅक बाहेर काढायला लावा, साधी बकेट मातीनं भरून हात हळू बाजूला पसरायला लावा, बकेट जमिनीपासून वीतभरच वर, आणि कुणीही जवळ उभं राहू नये. पलीकडचा ट्रॅक हलका होतो का, हे वडील माझ्याआधी ओळखतील. मग पुस्तिकेतल्या तक्त्याचा आणि नव्या ब्रेकरवरच्या वजनाच्या पाटीचा फोटो काढून मला पाठवा. सौदा पक्का करण्याआधी पाठवा, मी त्याच दिवशी बघून कळवतो.